नानाचा अंगठा आणि १४३ स्टेशनं

आमच्या मुरबाड तालुक्यात रेल्वे स्टेशन नाही. एकही नाही. कल्याणहून नगरकडे जाणाऱ्या महामार्गावर मुरबाड, सरळगाव, टोकावडे मागे टाकलं की माळशेज घाटाच्या अलीकडे वैशाखरे लागतं, ते माझं गाव. शेजारच्या शहापूर तालुक्यातल्या पोरांना वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा अशी स्टेशनं अंगणासारखी. आम्ही आधी एसटी नाहीतर जीप पकडून कल्याण गाठणार आणि मग 'गाडीने' जाणार. कल्याण-मुरबाड रेल्वे येणार, हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. बाबाही ते शाळेत असल्यापासून ऐकतायत.

तरीही माझ्या टेबलावर एक वही आहे आणि तिच्यात १४३ रेल्वे स्टेशनांचे शाईचे ठसे आहेत. सगळी स्टेशनं जपानमधली.

कंपनीने मला दोन वर्षांसाठी टोकियोला पाठवलं होतं. पहिल्या महिन्यात, एका रविवारी, काही काम नव्हतं म्हणून लोकलने शेवटच्या स्टेशनापर्यंत गेलो. छोटं स्टेशन, डोंगराच्या कुशीत. तिकिटाच्या फाटकापाशी एक शाळेच्या बाकाएवढं टेबल होतं. त्यावर शाईचं पॅड आणि लाकडी मुठीचा, बशीएवढा गोल रबरी शिक्का, दोरीने बांधलेला. माझ्या पुढे एक पाच-सहा वर्षांची मुलगी होती. तिने शिक्का पॅडवर दाबला, मग वहीच्या पानावर ठेवून त्यावर दोन्ही तळहातांनी अख्खं वजन टाकलं. उचलल्यावर पानावर एक डोंगर, एक नदी, एक पूल आणि स्टेशनाचं नाव उमटलं होतं. मुलीने पानावर फुंकर मारली आणि ती आईबरोबर निघून गेली.

मी आधी खिडकीतल्या माणसाकडे पाहिलं. कुणाला विचारायचं? किती पैसे? कुठला फॉर्म? त्याने हातानेच खूण केली, घे की. खिशात दुकानाची पावती होती, तिच्या पाठीवर मी शिक्का मारला. घाईत हात हलला आणि पूल दोनदा उमटला. ती पावती वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलेली आहे. पुढच्या रविवारी वही घेतली आणि मग दोन वर्षं हाच उद्योग.

जपानीत याला 'एकी स्टँप' म्हणतात. एकी म्हणजे स्टेशन. स्टँप म्हणजे स्टँप. याची सुरुवात १९३१ सालची, फुकुई स्टेशनातली. फुकुईपासून जवळ एइहेइजी नावाचा झेन पंथाचा मोठा मठ आहे, दोगेन या भिक्षूने १२४४ मध्ये स्थापन केलेला. तिथे जाणारे यात्रेकरू फुकुईला उतरत. या प्रवाशांना आठवण म्हणून काहीतरी नेता यावं, असं तिथल्या स्टेशनमास्तरांना वाटलं आणि त्यांनी एक शिक्का बनवून ठेवला. वरून हुकूम आला नव्हता, समिती बसली नव्हती. इतर स्टेशनांनी ते पाहिलं आणि काही वर्षांत शिक्के देशभर झाले. त्या वेळी तैवान आणि कोरिया जपानच्या ताब्यात होते. तिथल्या रेल्वेवरही ते पोचले. (तैवानमधल्या स्टेशनांवर आजही असे शिक्के आहेत. सत्ता गेली, शाई राहिली.)

स्टेशनमास्तरांच्या डोक्यात ही कल्पना आभाळातून पडली नव्हती. जपानी देवळांत 'गोशुइन' देण्याची जुनी चाल आहे: वहीत देवळाचा लाल शिक्का उठवतात आणि त्यावर पुजारी कुंचल्याने देवाचं नाव आणि तारीख लिहून देतात. मूळ पद्धत अशी की भक्ताने बौद्ध सूत्र हाताने नकलून देवळाला वाहायचं आणि त्याची पोच म्हणून शिक्का घ्यायचा. हळूहळू सूत्र नकलायचं मागे पडलं, शिक्का उरला. शिकोकू बेटावर ८८ देवळांची यात्रा आहे, साधारण १,२०० किलोमीटरची. पांढरी वस्त्रं घालून लोक चालतात आणि प्रत्येक देवळात वहीत शिक्का घेतात. ती वही माणूस मेल्यावर त्याच्याबरोबर शवपेटीत ठेवतात. म्हणजे पुढच्या प्रवासातला पासपोर्टच. हे मला एका सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत सांगितलं आणि मला एकदम आजी आठवली. का, ते नंतर सांगतो.

स्टेशनांच्या शिक्क्यांना दुसरा जन्म मिळाला १९७० मध्ये. त्या वर्षी मार्च ते सप्टेंबर ओसाकात जागतिक प्रदर्शन भरलं, सहा कोटींहून जास्त लोक येऊन गेले. नागोयाच्या शाचिहाता कंपनीने १९६५ मध्ये पॅडशिवाय चालणारा, पोटातच शाई असलेला शिक्का बाजारात आणला होता. प्रदर्शनाच्या दालनांत तिचे शिक्के ठेवले गेले आणि घराघरांतली पोरं वह्या घेऊन धावली. प्रदर्शन संपलं तसा जपानच्या सरकारी रेल्वेला प्रश्न पडला की आता एवढे प्रवासी आणायचे कुठून? ही रेल्वे १९६४ पासून, म्हणजे ज्या वर्षी जगातली पहिली बुलेट ट्रेन धावली त्याच वर्षापासून, तोट्यात होती. ऑक्टोबर १९७० मध्ये 'डिस्कव्हर जपान' ही जाहिरात मोहीम सुरू झाली. प्रसिद्ध जागा सोडा, आडगावांना जा, असं ती तरुणांना, विशेषतः तरुण मुलींना सांगत होती. त्या मोहिमेत हजाराहून जास्त स्टेशनांवर शिक्के ठेवले गेले. रेल्वे काही शिक्क्यांनी वाचली नाही. १ एप्रिल १९८७ ला तिचे तुकडे करून खाजगी कंपन्या बनवल्या. शिक्के मात्र कंपन्यांच्या वाटणीत टिकले. २०२० मध्ये टोकियो परिसरातल्या सत्तरहून अधिक स्टेशनांचे शिक्के नव्याने कोरले गेले. प्रत्येकात स्टेशनाच्या नावातलं एक चिन्ह घेऊन त्यात त्या गावाचं चित्र गुंफलेलं आहे.

माझ्या मते या सगळ्यात खरी गंमत चित्रात आहे. बशीएवढ्या गोलात काय बसवायचं, हे गावाला ठरवावं लागतं. देऊळ? धबधबा? इथे पिकणारं फळ? आमच्या गावाकडे पाहायला काय आहे, या प्रश्नाचं उत्तर रबरात कोरून दोरीने बांधून ठेवायचं. उत्तर होक्काइडोमध्ये माणसं कमी झाली, रेल्वेमार्ग बंद होत चालले. रुमोई मार्गाचा एक मोठा तुकडा मार्च २०२३ च्या अखेरीस बंद झाला. असं स्टेशन बंद होणार म्हटलं की शेवटच्या दिवसांत लोक वह्या घेऊन रांगा लावतात. एरवी तिथे दिवसाला चार माणसं उतरत नसतील.

आता जपानी लोक शिक्क्याकडे फक्त असं खेळीमेळीने बघतात, असं वाटून घेऊ नका. तिथे सहीऐवजी शिक्का चालतो, त्याला 'हांको' म्हणतात. मला बँकेत खातं उघडायला माझ्या आडनावाचा जपानी अक्षरांतला हांको करून घ्यावा लागला. भाड्याचा करार, बदलीचा अर्ज, रजेचा कागद, सगळ्यावर लाल ठिपका हवा. करोनाच्या साथीत लोक घरून काम करत होते, पण निव्वळ हांको मारण्यासाठी ट्रेन पकडून ऑफिसात जात होते. त्यावर एवढी ओरड झाली की २०२० मध्ये मंत्री तारो कोनो यांनी बहुतेक सरकारी कामांतून हांको काढून टाकायला घेतला. म्हणजे एकाच देशात दोन शिक्के. एक तुम्हाला अडवतो, दुसरा फुकट मिळतो आणि कशालाच लागत नाही. तिथल्या माणसाला हा फरक जाणवत असेल की नाही, कोण जाणे. मला जाणवला, कारण मी फक्त पहिल्या प्रकारचाच शिक्का पाहत मोठा झालो होतो.

आपल्या भाषेत तर तो पार मुरलेला आहे. एखादी गोष्ट पक्की झाली की आपण 'शिक्कामोर्तब झालं' म्हणतो. हे दोन शिक्के आहेत. मराठेशाहीतल्या कागदांवर वरच्या बाजूला राजाचा किंवा अधिकाऱ्याचा शिक्का असे आणि मजकूर संपला की तिथे मोर्तब, म्हणजे समाप्तीची छोटी मुद्रा. मोर्तबाचं काम साधं होतं: इथे पत्र संपलं, याच्याखाली कुणी नंतर ओळ घुसडली तर ती खोटी. आमच्या क्षेत्रात फाइलच्या शेवटी चेकसम लावतात, त्याचाच हा आजोबा म्हणा. मालावर जकात भरल्याचा, घाट ओलांडायच्या परवान्याचा कागद म्हणजे दस्तक, त्यावरही शिक्का. प्रवासात शिक्का होता, पण तो पहारेकऱ्याला दाखवायचा. मला आठवतो तो रेल्वेचा शिक्काही तसलाच. लहानपणी बाबांबरोबर कल्याणहून मुंबईला जाताना कूपनांची पुस्तिका असायची आणि स्टेशनावरच्या लाल पेटीत एकेक कूपन घालून त्यावर तारीख-वेळ उठवावी लागे. ते 'खट्ट' करायला मिळावं म्हणून मी हट्ट करायचो. पण उठलेला ठसा फिका असेल तर बाबांचा चेहरा उतरायचा. टीसीला वाचता आला नाही तर?

ज्याच्याकडे ना राजाचा शिक्का ना सही, त्याच्याकडे अंगठा. अंगठा कागदावर कसा आला, याची एक गोष्ट आहे. १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूर इथे विल्यम हर्शेल हा तरुण इंग्रज अधिकारी होता. रस्त्यासाठी खडी पुरवण्याचा ठेका त्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराला दिला आणि करारावर त्याच्या पंजाचा शाईचा ठसा घेतला. तेव्हा हर्शेलला बोटांच्या रेषांचं शास्त्र माहीत नव्हतं. कोनाईला नंतर 'ही सही माझी नाहीच' म्हणायची हिंमत होऊ नये, इतकाच हेतू, हे त्यानेच पुढे लिहून ठेवलं. शास्त्र मागाहून आलं. बोटांच्या ठशांचं कार्यालय १८९७ मध्ये कलकत्त्यात उघडलं आणि ठशांचं वर्गीकरण बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा मोठा वाटा होता. तिथून सरळ रेघ ओढली तर ती महाराष्ट्रातच येऊन थांबते. पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. शाई गेली, काच आली. अंगठा तोच.

आजीचा अंगठा मात्र त्या काचेला पटत नाही. रेशनच्या यंत्रावर ती अंगठा ठेवते, यंत्र नाही म्हणतं, ती पदराला पुसून परत ठेवते. पन्नास-पंचावन्न पावसाळे चिखलात उभं राहून भाताची आवणी केली, त्यात रेषा झिजून गेल्या. मी याच धंद्यातला माणूस आहे. ठसा जुळवण्याचा उंबरठा किती वर ठेवला की किती खरी माणसं बाहेर राहतात, हे मला आकड्यांत सांगता येतं. आजीला ते सांगून उपयोग नाही. ती म्हणते, "माझाच अंगठा, नि मलाच वळखत नाय."

आणि एकदा तो अंगठा नको तितका ओळखला गेला होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी जन्मायच्या आधीची. एक माणूस आला, रस्त्याच्या कामाचा कागद आहे म्हणाला. आजोबा नव्हते. आजीने डाव्या अंगठ्याला शाई लावून तो उठवून दिला. डोंगराच्या पायथ्याशी वरकस जमिनीचा एक पट्टा तिच्या वाट्याचा होता. नाचणी-वरी होई. दोन वर्षांनी तिथे तारेचं कुंपण उभं राहिलं, तेव्हा कळलं की तो कागद खरेदीखताचा होता. भांडायला पैसे नव्हते. आजीने त्यानंतर कुणाला दोष दिलेला मी ऐकला नाही. फक्त घरात कोरा कागद आणि शाईचं पॅड एकत्र दिसलं की ती उठून जाते.

यात एक विचित्र योग आहे. आमच्या घराच्या ओट्यावरून पूर्वेला पाहिलं की सह्याद्रीच्या भिंतीवर एक सुळका वर आलेला दिसतो, हाताची मूठ वळून अंगठा उभा केल्यासारखा. त्याला 'नानाचा अंगठा' म्हणतात. त्याच्याच कुशीत नाणेघाट. वैशाखऱ्याच्या थोडं पुढे महामार्ग सोडून पायवाट लागते. दोन-तीन तास चढलं की माथ्यावर खडकात कोरलेली गुहा येते. पावसाळ्यात शनिवार-रविवारी इथे इतकी गर्दी असते की सेल्फीसाठी नंबर लावावा लागतो. गुहेच्या भिंतीवर काय आहे, ते बघणारे त्यात थोडे.

भिंतीवर सातवाहनांचा लेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. सातकर्णी राजाची राणी नागनिका हिच्या काळातल्या यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दानांची ही यादी: गाई, हत्ती, घोडे, आणि हजारोंनी 'कहापण' म्हणजे कार्षापण नाणी. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता त्यांची पावलं राहिलीत आणि वर नावं. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नर, पैठणकडे जाणारा माल याच वाटेने चढायचा. माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो.

लेखातली ती कार्षापण नाणी कशी दिसत असतील? त्या काळी चालणारी चांदीची नाणी म्हणजे बरीचशी 'आहत' नाणी. चांदीचा चपटा तुकडा घ्यायचा आणि त्यावर एकेक चिन्ह ठोकायचं: सूर्य, डोंगर, झाड, हत्ती. एका बाजूला मोठी चिन्हं, सत्तेची. दुसऱ्या बाजूला कितीतरी बारीक ठसे, मागाहून मारलेले. ते सराफांनी किंवा ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांनी नाणं पारखून मारले असावेत, असं अभ्यासक मानतात. म्हणजे नाणं जितकं फिरलेलं, तितके त्याच्या पाठीवर ठसे जास्त. संग्रहालयात असं एक नाणं काचेआड पाहिलं तेव्हा मला हसूच आलं. हे तर माझ्या वहीचं पान.

हा लेख जगाला कळला तोही कागदावरच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्नल साइक्सने त्याची नोंद केली. पण त्यातल्या आकड्यांचा उलगडा केला तो जुनागढहून मुंबईला भाऊ दाजी लाडांकडे आलेल्या भगवानलाल इंद्रजींनी. नाणेघाटातल्या अंकांवरचा त्यांचा निबंध १८७६ चा. (त्या अंकांत शून्य नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी आणि किती शंभर हे दाखवायला त्याच खुणेला दुसरी जोडायची. शून्याशिवाय एवढा हिशेब मांडणाऱ्या लोकांना माझा दंडवत.) शिलालेखाची नक्कल करायची अभ्यासकांची एक पद्धत मला फार आवडते. कागद ओला करून दगडावर चिकटवायचा, ब्रशने ठोकून ठोकून खाचांत बसवायचा आणि मग वरून शाईचा बोळा फिरवायचा. खाचेत बसलेल्या कागदाला शाई लागत नाही. कागद सुटतो तेव्हा काळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं, सरळ, वाचता येतील अशी. रबरी शिक्का उलटा कोरावा लागतो तेव्हा सुलटा उमटतो. इथे उलटापालट नाही. याला मराठीत ठसाच म्हणतात. दगडाने आपला एकी स्टँप दिला म्हणायचा.

याच भागातून रेल्वेही जाणार होती, हे मला फार उशिरा कळलं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या सुरुवातीच्या योजनांत सह्याद्री चढायला माळशेज घाटाचा विचार होता. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी पाहणी केली, चढ पाहिला आणि माळशेज सोडून थळ आणि बोर हे घाट निवडले. रूळ १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत आणि १८६५ च्या १ जानेवारीला थळ घाट चढून इगतपुरीला पोचले. म्हणून शहापूरला स्टेशनं आणि आम्हाला एसटी. बर्कलेंचं गणित चुकलं असं मी म्हणणार नाही, माळशेजचा कडा ज्याने पावसात पाहिलाय तो म्हणणारही नाही. पण दोन हजार वर्षं जी वाट बंदराला बाजाराशी जोडत होती, तिच्या पायथ्याचा तालुका एका सर्वेक्षणात बाजूला पडला, तो पडलाच.

जपानहून आल्यावर चार दिवस गावी गेलो. संध्याकाळी ओट्यावर आजीला वही दाखवली. तिने चष्मा लावला आणि पानं सावकाश उलटली. तिला वाचता येत नाही, पण या वहीत वाचण्यासारखं फारसं नव्हतंच. "ही नदी. ही गाडी. हा कोण? राक्षस?" लांब नाकाचा तेंगू होता तो. "देव हाय त्यांचा, डोंगरातला," मी म्हणालो. ते तिला लगेच पटलं.

मग तिने विचारलं, "ह्याचं काय मिळतं?"

"काही नाही."

"मग कोण तपासतं?"

"कोणी नाही."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग डाव्या हाताची बांगडी मागे सारून तिने मनगटाच्या वरचं गोंदण दाखवलं. हिरवट, पसरलेलं, एक तुळशीवृंदावन आणि कडेने ठिपके. मी ते जन्मापासून बघतोय, पण कुठलं ते कधी विचारलं नव्हतं. म्हसा इथली खांबलिंगेश्वराची जत्रा आमच्याच तालुक्यात पौष पौर्णिमेला भरते, बैलबाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी नावाजलेली. आजी लग्नाआधी तिच्या आत्याबरोबर बैलगाडीतून तिथे गेली होती, रात्रीचा मुक्काम करून. आयुष्यात पहिल्यांदा गावाबाहेर. गोंदणारी बाई सुयांची जुडी घेऊन बसलेली होती. "लय दुखलं. आत्या म्हणली रडू नको, मेल्यावर सगळं हितंच ऱ्हातं, संगं येतं ते गोंदणच."

शिकोकूच्या वहीची गोष्ट मी तिला सांगितली. पांढरे कपडे घालून चालणारी माणसं, ८८ देवळं, आणि शेवटी वही छातीवर. तिला त्यात नवल वाटलं नाही. "बरोबर हाय," एवढंच म्हणाली. चौकशी केली ती वेगळीच: वाटेत जेवायला कोण घालतं? मी म्हणालो, गावकरीच देतात काही ना काही. "वारीसारखं," ती म्हणाली आणि विषय संपला.

मला उगाच सुचलं. वहीत शेवटचं पान रिकामं होतं. जपानहून आणलेलं छोटं निळं पॅड बॅगेत होतं. आपल्या तालुक्यात स्टेशन नाही, तर वैशाखऱ्याचा ठसा म्हणून आजीचाच अंगठा का नको, समोर नानाचा अंगठा दिसतोच आहे. कल्पना डोक्यात इतकी छान बसली की मी पॅड उघडून तिच्यासमोर ठेवलं आणि मग माझ्या लक्षात आलं मी काय करतोय.

तिने हात पदराखाली घेतला होता. ओरडली नाही. "कोऱ्या कागदावर नाय," म्हणाली.

"आजी, हे नुसतं..."

"म्हाईत हाय रं. तरी नाय." मग बांगडी परत मनगटावर आणली आणि पॅडकडे बोट केलं. "झाकण लाव त्येचं. वाळून जाईल."